जुन्या डिझेल पिकअपला टाकी किती लिटरची बसवावी? ४५, ६० की ९०?

केळीपट्टा_रावेर

राम राम मंडळी.

महिंद्राची नव्वदच्या दशकातली डिझेल पिकअप आहे, प्युजो इंजिनवाली. बॉडी, पाटे (स्प्रिंग), ब्रेक सगळं करून झालं, फक्त मूळ टाकी गेली. तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडलीत. एक बुजवलं की शेजारी दुसरं घाम सोडतं. टाकी नवीनच करायची आहे, तर मापही नव्याने ठरवावं म्हणतो.

वापर असा: रावेर-यावल भागातून केळी भरून रोज ६०-७० किमी, आठवड्याला साधारण ४०० किमी. महिन्यातून एक-दोनदा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून संभाजीनगर. कधीतरी शहाद्याहून धडगाव किंवा तोरणमाळकडे, तिकडे पंप विरळ. माल भरून सपाटीला ॲव्हरेज ११ मिळतं, घाटात ९ धरा.

जागा डाव्या चेसिस रेलच्या बाहेरून आहे. केबिनची मागची कड ते मागच्या पाट्याचा पुढचा हँगर (चेसिसवर पाटा धरणारा कान) यात ८५ सेमी लांबी, ३८ सेमी रुंदी आणि उंचीला जास्तीत जास्त २८ सेमी.

वेल्डर म्हणतो, जागा आहे तर ९० लिटरची पूर्ण भरून घे. मिस्त्री म्हणतो ४५ पुरे. हिशोब नेमका कसा करायचा? आणि मोठ्या टाकीचा खरंच काही तोटा आहे का?

---

सातपुडा_चढ

भाऊ, लिटर शेवटी ठरवायचे. आधी किमी ठरवा.

दोन भरण्यांत तुम्हाला ४०० किमी हवेत, म्हणजे आठवड्याला एकदा पंप. ॲव्हरेज नेहमी वाईट दिवसाचं धरावं, म्हणजे घाटाचं ९. ४०० भागिले ९ म्हणजे ४५ लिटर. त्यावर ६० किमीचं रिझर्व्ह, ७ लिटर. सक्शन पाइपच्या (टाकीतून इंजिनकडे डिझेल ओढणाऱ्या नळीच्या) टोकाखाली जे कायम पडून राहतं आणि कधीच ओढलं जात नाही ते २ लिटर. झाले ५४. वर ६ टक्के मोकळी हवा हवीच, म्हणून ५४ ला ०.९४ ने भागा. ५७ च्या वर येतं, म्हणजे ६० ची टाकी. मिस्त्रीची ४५ ची टाकी घेतलीत तर हातात ४० लिटरच येतील आणि घाटाच्या फेरीत काटा सारखा बघत बसावं लागेल.

मोकळी हवा कशाला, तर डिझेल तापलं की फुगतं. दर अंशाला साधारण ०.०००८३ पट. ६० लिटर डिझेल भल्या पहाटे भूमिगत टाकीतून गार भरलं आणि दुपारी गाडी भुसावळच्या मे महिन्याच्या उन्हात उभी राहिली, तर २० अंशांच्या फरकाने एक लिटर वाढतं. ते जाणार कुठे? झाकणातून किंवा व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या श्वासाच्या भोकातून, खाली.

आता ९० चा प्रश्न. मला त्यात वजनाची भीती नाही. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे ६० ला ५० किलो आणि ९० ला ७५ किलो. टनभर केळी नेणाऱ्या गाडीला २५ किलोचा फरक जाणवत नाही. ९० ची खोट आकारात आहे, आणि ती घाटात कळते.

तुमच्या जागेत दोन टाक्या आतल्या मापाने अशा बसतात. एक ७५ × ३४ × २४ सेमी, ६१ लिटर. दुसरी ८५ × ३८ × २८ सेमी, ९० लिटर. दर १० मीटरला १ मीटर चढणारा रस्ता धरा. गाडीचं तोंड वर होतं आणि डिझेल मागच्या भिंतीकडे जातं. ७५ सेमी लांबीत पुढच्या आणि मागच्या पातळीत साडेसात सेमीचा फरक पडतो. पहिल्या टाकीत १० लिटर उरले असतील तर सपाटीला खोली ३.९ सेमी. चढावर पुढच्या भिंतीशी ती जेमतेम २ मिलिमीटर उरते! ९० च्या टाकीत तेच १० लिटर असताना पुढचा साडेबारा सेमी तळ चक्क कोरडा पडतो.

बरेच वेल्डर पंप जवळ पडतो म्हणून सक्शन पाइप पुढच्या टोकाला ठेवतात. पुढच्या भिंतीपासून १० सेमीवर पाइप असेल आणि त्याच्या टोकावर २ सेमी डिझेल हवं असेल, तर या चढावर ६१ च्या टाकीत १२ लिटर आणि ९० च्या टाकीत १७ लिटर शिल्लक असावे लागतात. त्याच्या खाली पाइप हवा ओढणार, इंजिन मिस मारणार आणि भर घाटात नळीतली एअर (शिरलेली हवा) काढत बसावं लागणार. काटा मात्र पाव टाकी दाखवत असतो, त्यामुळे माणूस फीड पंप नाहीतर फिल्टर खोलत बसतो.

तोच पाइप टाकीच्या बरोबर मध्ये आणला की ६१ च्या टाकीत १२ चे साडेपाच होतात. मध्ये खाली १५ × १५ × ४ सेमीची वाटी जोडून पाइपचं टोक वाटीत उतरवलं, वाटीच्या तळापासून दीड सेमी वर ठेवून, तर अडीच-तीन लिटरपर्यंत ओढतो. टाकी एक लिटरनेही न वाढवता नऊ लिटर हाती आले. उतारावर डिझेल पुढे येतं, म्हणून पाइप मागे नेणं हाही उपाय नाही. मध्यच बरोबर.

म्हणून माझं मत: ६० ची घ्या, मध्ये वाटी, आणि उरलेल्या जागेत हात घालायला फट राहू द्या. ९० ची टाकी तुमच्या मापाची सगळी जागा खाते. मग पाट्याच्या हँगरचा बोल्ट काढायचा झाला तरी आधी टाकी उतरवावी लागेल.

---

गिरणा_काठ

वरचा हिशोब पटला. दोन गोष्टी जोडतो, कारण नवी टाकी दोन पावसाळ्यांत फुटते ती मापामुळे नाही, पाण्यामुळे.

अर्धी रिकामी टाकी रोज श्वास घेते. दुपारी हवा बाहेर, रात्री आत. आपल्याकडे जुलै-ऑगस्टची दमट हवा, आणि डिसेंबर-जानेवारीत दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक. आत आलेला दमटपणा वरच्या पत्र्याला धरतो, थेंब होऊन डिझेलखाली उतरतो आणि तळाला बसून राहतो. सुईच्या टोकाची भोकं नेहमी तळालाच का पडतात, त्याचं उत्तर हेच. पत्रा आतून कुजत येतो, बाहेरचा रंग शाबूत असतो. पाणी आणि डिझेल यांच्या सांध्यावर शेवाळासारखा काळा बुळबुळीत थर धरतो, तोच पुढे फिल्टरच्या जाळीत येतो.

त्यामुळे मध्यल्या वाटीला ड्रेन प्लग हवाच. पावसाळ्यात दर आठवड्याला सकाळी, गाडी हलवायच्या आधी, पाव लिटर काचेच्या बाटलीत काढून पाहा. पाणी खाली वेगळं दिसतं. गाडी उभी करताना टाकी पाऊण तरी भरलेली ठेवा. तुमचं आठवड्याला ३६-४० लिटर जातं, म्हणजे ६० च्या टाकीतला माल दोन आठवड्यांच्या आत बदलतो. हे उत्तम. ज्यांची गाडी महिन्याला दोनशे किमी चालते त्यांनी मात्र मोठ्या टाकीच्या फंदात पडू नये.

दुसरं, जस्ताचा पत्रा अजिबात वापरू नका. जीआय गंजत नाही म्हणून वेल्डर हमखास सुचवतो. पण डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची क्रिया होते आणि साबणासारखे क्षार तयार होतात. ते फिल्टर आणि नोझल दोन्ही चोंदवतात. तांब्याची नळीही नको, तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होतं आणि चिकट गाळ धरतो. साधा सीआर (थंड लाटलेला लोखंडी) पत्रा नाहीतर ३०४ स्टेनलेस, दोनच पर्याय. नळ्या स्टीलच्या.

---

जुनी_विलीज

यात माझाही एक प्रश्न. माझी पेट्रोल जीप आहे, सीजे-३बी. सीटखालची मूळ टाकी १०.५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे ४० लिटर. लोक म्हणतात आता इ२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आलं, ॲव्हरेज कमी झालं, म्हणून मागे २५ लिटरची जास्तीची टाकी लाव. महिन्याला १५० किमी चालते. लावावी का?

---

गिरणा_काठ

नका लावू. इ२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण सहा-सात टक्के कमी. ४० लिटरवर तो फरक अडीच-तीन लिटरचा होतो, त्यासाठी २५ ची टाकी कशाला? तुमचा महिन्याचा खप पंधरा-वीस लिटर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळे बसतात आणि सक्शन पाइप नेमका तिथेच असतो. टाकीतलं पेट्रोल चार ते सहा आठवड्यांत संपलं पाहिजे, या हिशोबाने तुम्हाला ४० देखील अर्धीच भरायला हवी.

तो खर्च होसपाइपवर करा. जुने रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, आतून पापुद्रे सुटतात. एसएई जे३० आर९ छापलेले होस घ्या, आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरचं गॅस्केटही बदला. टाकीला आतून फायबर किंवा जुनं सीलर लावलेलं असेल तर तेही तपासा, काही रेझिन इथेनॉलमध्ये विरघळतात. शिवाय ही टाकी तुमच्या बसायच्या खाली आहे, तिथे झाकणाचं गॅस्केट आणि फ्लोट युनिटचं (काट्यासाठी पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाचं) बुच गळकं असून चालणारच नाही.

---

केळीपट्टा_रावेर

६० पक्की. आता बनवून घेताना वेल्डरला काय काय सांगू? तो म्हणतो १८ गेजचा पत्रा पुरतो, आत पडदे (डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे) घालायची गरज नाही. आणि जुना फ्लोट नवीन टाकीत चालेल का?

---

अवधान_फॅब

पत्रा १६ गेज घ्या, म्हणजे १.६ मिमी. तुमच्या ७५ × ३४ × २४ च्या डब्याला साधारण एक चौरस मीटर पत्रा लागतो, १३ किलो, पडद्यांसकट १५. १८ गेजने तीनेक किलो वाचतील, पण टाकी बाहेरच्या रेलला आहे, मागच्या पाट्यापुढे, पुढच्या चाकाची खडी थेट तिथेच येते. स्टेनलेस घेणार असाल तर दीड मिमी, आणि आर्गॉन वेल्डिंगच. साध्या रॉडने स्टेनलेस जोडलं की वेल्डच्या कडेने चिरा जातात.

पडदे हवेतच. ७५ सेमी लांबीत दोन, प्रत्येक २५ सेमीवर, म्हणजे तीन कप्पे होतात आणि तुमची वाटी मधल्या कप्प्यात येते. अर्धी टाकी असताना ब्रेक मारला की २५ किलो डिझेल पुढच्या भिंतीवर आपटतं. पडदा नसेल तर तो पत्रा दर ब्रेकला थोडा आत-बाहेर होतो आणि एक दिवस कोपऱ्याची वेल्ड उकलते. प्रत्येक पडद्याचे चारही कोपरे २५ मिमी तिरके कापा. खालच्या कापातून डिझेल वाहतं, वरच्यातून हवा. वरचे कोपरे कापायला विसरले तर भरताना एका कप्प्यात हवा अडकते, टाकी पूर्ण भरतच नाही, आणि पंपावरची बंदूक सारखी टकटक बंद पडते.

भरायची नळी ५० मिमी. सोबत १५ मिमीची हवेची नळी टाकीतून नेकच्या (भरायच्या नळीच्या तोंडाच्या) वरच्या भागात आणा आणि तिचं आतलं टोक टाकीच्या छताखाली १५ मिमी ठेवा. डिझेल त्या टोकाला लागलं की हवा थांबते आणि बंदूक बंद होते. तुमच्या टाकीत छताखालचे १५ मिमी म्हणजे ३.८ लिटर, वर सांगितलेली सहा टक्के जागा आपोआप राखली जाते. श्वासाचा व्हेंट मात्र वेगळा, छताच्या अगदी वर, ८ मिमी. त्याला होस लावून केबिनच्या मागे उंच न्या, वर उलटा यू करा आणि तोंडाला लहान फिल्टर. काळ्या मातीचा धुरळा इतका बारीक असतो की उघड्या व्हेंटमधून तळाला चिखल होतो. व्हेंट चोंदला की गाडी अर्धा तास नीट चालते, मग दम तोडते. तेव्हा झाकण सैल करा. फुस्स आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष व्हेंटचाच.

ओव्हरफ्लोची परतीची नळी (इंजिनकडून उरलेलं डिझेल टाकीत आणणारी) सक्शनपासून २० सेमी दूर उतरवा आणि तळापर्यंत न्या. वरून धार पडू दिली तर फेस होतो आणि तो फेस सक्शनमध्ये जातो. परतीचं डिझेल गरमही असतं.

टेस्ट करताना घाई नको. हवेचा दाब ०.२ बार, टायरच्या भाषेत ३ पौंड, त्याहून एक काडी जास्त नाही. साबणाचं पाणी लावून प्रत्येक सांधा पाहायचा. ०.२ बार ऐकायला काहीच वाटत नाही, पण तुमच्या टाकीच्या वरच्या पत्र्यावर त्याचा जोर ५०० किलोच्या वर जातो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची नळी सरळ जोडली तर टाकी पाव होऊन फुगते. रेग्युलेटर नसेल तर सायकलच्या पंपाने भरा आणि गेज लावा.

बसवताना कान थेट टाकीला वेल्ड करू नका. जुनी चेसिस खड्ड्यात पिळते आणि कानाच्या मुळाशीच चीर जाते. रेलला दोन ब्रॅकेट, त्यावर ३० × ३ मिमीच्या दोन पट्ट्या, पट्टीखाली ४-५ मिमी रबर. पट्टी आणि टाकी यांच्यात गोणपाट किंवा ताग घालू नका, ते पाणी धरून ठेवतं आणि नेमकी तिथेच टाकी कुजते. सायलेन्सरपासून १५ सेमी अंतर, जमत नसेल तर मध्ये पत्र्याची आड. मागचा एक्सल वर गेल्यावर पाटा टाकीला लागतो का, ते गाडी लादूनच पाहा. रिकाम्या गाडीत दिसणारी फट खोटी असते. नेकमध्ये रबरी होस आला की नेक आणि टाकी यांच्यातला विजेचा संपर्क तुटतो, म्हणून नेक, टाकी आणि चेसिस एका अर्थिंगच्या वायरने जोडा.

आणि एक कळकळीची विनंती. जुनी टाकी ठेवणार असाल, विकणार असाल, काहीही करा, पण ती तशीच वेल्डिंगला देऊ नका. डिझेलचीच आहे, पेटत नाही, या भरवशावर टाक्या फुटलेल्या आहेत. ज्योत लागली की पापुद्र्यात मुरलेलं डिझेल वाफ होऊन बाहेर येतं, आणि बंद डब्यात तेवढी वाफ पुरते. आधी वाफेने धुवायची, मग वेल्डची जागा वर येईल अशी ठेवून पाण्याने भरायची, झाकण आणि सगळी बुचं उघडी ठेवून. ज्याच्याकडे ही सोय नाही त्याने हात लावू नये.

---

सातपुडा_चढ

फ्लोटचं राहिलं. जुना फ्लोट जुन्या खोलीसाठी वाकवलेला असतो. नवीन टाकी २४ सेमी खोल, तेव्हा दांडी अशी हवी की फ्लोट तळापासून २ सेमीवर रिकामा आणि छतापासून २ सेमीवर भरलेला दाखवेल. बसवण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही टोकांचे ओहम मोजा. व्हीडीओ पद्धतीचे सेंडर (फ्लोटची पातळी काट्याला कळवणारे) साधारण १० ओहम रिकामे आणि १८० ओहम भरलेले असतात. जुन्या अमेरिकन फोर्ड पद्धतीत उलटं, ७३ रिकामे आणि १० भरलेले. काटा एका पद्धतीचा आणि सेंडर दुसऱ्या पद्धतीचा जोडला तर रिकामी टाकी भरलेली दिसते. तुमच्या काट्याला काय हवं ते जुन्या सेंडरवर मोजूनच कळेल, म्हणून जुना फेकू नका.

टाकी बसली की गाडी सपाट जागी उभी करा आणि मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर ओता. दर वेळी काटा कुठे आला ते लिहा आणि लाकडी पट्टीवर खूण करा. पहिल्या पाच लिटरला काटा हलणारही नाही, ते नेहमीचंच. तुमच्या टाकीत १ सेमी म्हणजे अडीच लिटर, हे एकदा पट्टीवर उतरलं की काटा बिघडला तरी अडत नाही.

धडगावच्या फेरीसाठी नंतर दुसरी टाकी लावायचा विचार आला, तर एक पक्कं: कॉक फक्त सक्शनला लावून चालत नाही, परतीची नळीही त्याच कॉकने बदलली पाहिजे. नाहीतर पहिल्या टाकीतून ओढलेलं डिझेल परतीने दुसरीत जमतं आणि तिच्या झाकणातून रस्त्यावर सांडतं. सहा तोंडांचा कॉक मिळतो, तोच घ्या. आणि मूळ रचनेत नसलेली टाकी वाढवण्याआधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफाराबद्दलच आहे, पासिंगच्या दिवशी वाद नको.

---

केळीपट्टा_रावेर

कागदावर उतरवलं: ७५ × ३४ × २४, १६ गेज सीआर, दोन पडदे, मध्ये वाटी आणि १/२ इंची ड्रेन प्लग, सक्शन वाटीत, परतीची नळी मागच्या कप्प्यात. डाव्या रेलला, पट्ट्यांवर.

एकच शंका. वाटी ४ सेमी खाली येणार, म्हणजे एकूण उंची २८ च्या पुढे जाते. ती खडीला लागणार नाही का?

---

अवधान_फॅब

लागेल. २४ मध्ये वरचा-खालचा पत्रा, वाटीचे ४ आणि प्लगचं डोकं मिळवा, साडेएकोणतीस होतात. तुमची मर्यादा २८. टाकीची आतली उंची २२ करा आणि लांबी ८१. तितकेच साडेसाठ लिटर येतात. लांबी सहा सेमीने वाढली तरी पाइप वाटीत असल्यामुळे चढावर फारसा फरक पडत नाही. पडदे मग २७ सेमीवर. प्लगचं डोकं खाली लोंबकळू देऊ नका. वाटीच्या मागच्या भिंतीला आडवं बसवा आणि वाटीच्या पुढच्या कडेला ३ मिमीच्या पट्टीची तिरपी ढाल लावा, पट्ट्यांच्या ब्रॅकेटला बोल्टने धरलेली.

फ्लोटची दांडी आता २२ च्या हिशोबाने वाकवायची, २४ च्या नाही.